अकरा मिनिटं बाहेर

कांद्यांची पिशवी काट्यावर ठेवता ठेवता गल्ल्यावरच्या मुलीनं मान वर केली आणि विचारलं, “तुम्ही सेंट ऑडोच्या कोच ना? क्लिमेक?” रोझान क्लिमेक हो म्हणाली. मिलवॉकीच्या या दक्षिण भागात तिला ओळखणारी माणसं पुष्कळ. एकाच कॉलेजात एकतीस वर्षं मुलींना व्हॉलीबॉल शिकवणाऱ्या बाईला दुकानात, चर्चमध्ये, दाताच्या डॉक्टरकडे कुणी ना कुणी हटकणारच. त्यातून काल, सोमवारी, हंगामानंतरच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडलेल्या चौसष्ट संघांची नावं पडद्यावर आली, त्यात सेंट ऑडोचं होतं, आणि तेव्हापासून जो भेटेल तो तिचा हात हातात घेऊन हलवत होता. तिनं अभिनंदन घ्यायचा चेहरा तयार केला. मुलगी म्हणालीही, “अभिनंदन,” आणि मग कांद्यांचा भाव यंत्रात टाकत, खाली बघतच, “मी येर थाओ. मॅरो कॉलेजची. हिरवा शर्ट.”

हिरवा शर्ट म्हटल्यावर रोझानला पुढचं काही विचारावं लागलं नाही. मॅरोचा सगळा संघ पांढऱ्यात खेळतो, फक्त बचाव करणारी एकटी नियमाप्रमाणे वेगळ्या रंगात, हिरव्यात. ती नेटपाशी कधी येत नाही, मागेच राहते आणि जमिनीला टेकायच्या बेतात असलेला बॉल जोडलेल्या हातांवर उचलते. बुटकी, रुंद गुडघ्यांची, पडून लगेच उभी राहणारी. सप्टेंबरात सेंट ऑडोच्या मुलींनी जीव खाऊन मारलेला बॉल दर वेळी हिच्याच हातांवर जाऊन बसत होता. आता तेच हात पोलिश सॉसेजचं पाकीट काचेवरून सरकवत होते. कोपराजवळ एक जुना, पिवळा पडत चाललेला डाग होता.

“सप्टेंबरात आम्ही तुम्हाला हरवलं होतं,” येर म्हणाली.

“हो. तीन-एक.”

“समितीनं ते धरलं का?”

संघ निवडणाऱ्या त्या समितीवर रोझान आहे हे या मुलीला माहीत असणारच. आठ जणांची नावं जाहीर असतात. नावं तेवढी जाहीर असतात. रोझानच्या तोंडून जे वाक्य बाहेर आलं ते तिचं नव्हतं, ते समितीचं होतं, दरवर्षी छापून मिळायचं. “समिती सगळ्या निकषांचा एकत्रित विचार करते,” ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला आपलाच आवाज बँकेतल्या फोनवरच्या बाईसारखा ऐकू आला.

“ते मी वाचलंय,” येर म्हणाली. तिच्या बोलण्यात भांडण नव्हतं, म्हणून ते जास्तच टोचलं. “आम्ही कमी पडलो असू तर पडलो. माझं हे शेवटचं वर्ष होतं, मी आता काही खेळणार नाहीये. पण कुठं कमी पडलो तेवढं कळू दे की. आईला सांगता येत नाही मला. ती म्हणते, तू जिंकलीस आणि त्या पुढं गेल्या, मग तू काहीतरी लपवतेयस. पिशवी कागदाची देऊ का?”

रोझान कागदाची म्हणाली. पैसे दिले, पावती घेतली नाही, मागच्या रांगेत हरणांच्या शिकारीला निघालेला नारिंगी जाकिटातला एकजण बिअरचे दोन खोके घेऊन ताटकळत होता त्याला उगाचच सॉरी म्हणाली, आणि गाडीत जाऊन बसली. गाडी चालू केली नाही. सरोवराकडून येणारा वारा पार्किंगमधल्या ढकलगाड्या आपोआप हलवत होता. आई म्हणते, तू काहीतरी लपवतेयस. रोझाननं स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.  

शनिवारी संध्याकाळी तिनं तो तक्ता पाहिला होता. स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या, एका हातात टोस्ट. तक्ता फक्त आठ जणांना मिळतो, रविवारी बैठक संपली की परत घेतला जातो आणि यंत्रातून त्याच्या शेवया करून टाकतात. कोणत्या संघानं कुणाला हरवलं, समोरचा किती भारी होता, दोन संघ तुल्यबळ ठरले तर त्यांची आपसात गाठ पडली होती का, सगळं त्यात. मॅरोच्या ओळीवर तिचं बोट गेलं ते सहज. एकोणीस विजय. तिला वीस आठवत होते. तिनं पुन्हा मोजले. आणि मग टोस्ट तसाच हातात धरून तिला कळलं की विसावा कोणता. तो त्यांच्यावरचा. तो सामना तिथं नव्हताच.

का नव्हता हेही तिला लगेच कळलं, कारण त्या दिवशी ती तिथं होती. तिसऱ्याच एका कॉलेजात दोन दिवसांची स्पर्धा होती, सप्टेंबरातल्या त्या शनिवारी दुपारी मोठ्या हॉलचं छप्पर गळायला लागलं. मधोमध बादल्या ठेवल्या तरी जमीन निसरडी झाली, तेव्हा यांचा सामना रस्त्यापलीकडच्या जुन्या हॉलमध्ये नेला. तिथं विजेवर चालणारा फलक नव्हता. एक मुलगी आकड्यांचे पुठ्ठे उलटत उभी होती. निकाल हातानं वहीत लिहिला. संगणकात भरणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी तो भरला तेव्हा कोर्टाच्या नंबराची जागा रिकामी सोडली, आणि ती जागा रिकामी असली की ते यंत्र सामना सराव म्हणून धरतं. सेंट ऑडोच्या आधीच्या एका हंगामात असंच झालं होतं, म्हणून तिला ठाऊक. मॅरोच्या स्वतःच्या पानावर तो विजय झळकत असेल, त्यांच्या कोचला स्वप्नातही येणार नाही की समितीच्या तक्त्यात तो नाही. तो तक्ता त्यांना कधी दिसणारच नाही. सामना माहीत असलेली आणि तक्ताही हातात असलेली अशी अख्ख्या देशात एकच व्यक्ती होती, आणि ती स्वयंपाकघरात टोस्ट खात होती.

आणि तिनं काय केलं? तिनं नियम आठवला. किती पटकन आठवला. आपल्या संघाचा विषय निघाला की सदस्यानं काही बोलायचं नाही, खोलीबाहेर जायचं. हा सामना तर आपल्याच संघाचा, म्हणजे आपण बोलणं बरं दिसणार नाही. आपण आपल्या पराभवाची आठवण करून दिली तरी ते बोलणंच. असं सगळं तिनं स्वतःला टोस्ट संपायच्या आत पटवलं. पन्नाशी उलटलेल्या माणसाला स्वतःला पटवायला फार वेळ लागत नाही. त्या रात्री ती छान झोपली, हे तिला आता पार्किंगमध्ये बसून आठवलं आणि तोंडात कडू आलं.

रविवारी विमानतळाजवळच्या हॉटेलात, बाराव्या मजल्यावर, खिडक्या नसलेल्या खोलीत बैठक. चौसष्टपैकी त्रेसष्ट जागा दुपारपर्यंत भरल्या. उरलेल्या एका जागेसाठी दोन नावं राहिली, मॅरो आणि सेंट ऑडो. अध्यक्ष वॉरन टिलबरी, दुसऱ्या राज्यातल्या एका कॉलेजाचा क्रीडाप्रमुख, लाल नाकाचा, सगळ्यांना वाढदिवसाची पत्रं पाठवणारा सज्जन माणूस, चष्म्यावरून तिच्याकडे पाहून म्हणाला, “रोझ, जरा पाय मोकळे करून ये.” ती उठली. सगळे मंद हसले, ती पण हसली. बाहेर गालिच्याला ओल्या कुत्र्यासारखा वास होता, आणि बर्फाचं यंत्र थोड्या थोड्या वेळानं पोटात काहीतरी कोसळल्यासारखा आवाज करत होतं. ती त्या यंत्रापाशी उभी राहिली. दारातून शब्द कळत नव्हते, नुसती बोलण्याची लय कळत होती. एकजण बराच वेळ बोलला. कुणी तरी हसलं. त्या दारावर टकटक करून ‘एक मिनिट, तुमच्या कागदात चूक आहे’ म्हणायला किती पावलं लागली असती? सहा. तिनं ती नजरेनं मोजली होती. अकरा मिनिटांनी दार उघडलं, वॉरननं अंगठा वर केला, आणि तिला आनंद झाला. झाला म्हणजे झालाच. छातीत ऊब पसरली, डोळे भरले, आपल्या चौदा मुली एकेक करून डोळ्यांपुढे आल्या. चोरी केल्यावर आनंद होत नाही असं जो म्हणतो त्याला तिनं दाखवलं असतं.

तिचा बाप दारूच्या कारखान्यात बाटल्यांच्या विभागात होता. महिन्यातून एकदा कामगारांच्या सभेला जाताना तो तिला बरोबर न्यायचा, कारण आई त्या वेळी दुसरीकडे कामावर असायची. लांबट हॉल, लोखंडी खुर्च्या, धूर, कोपऱ्यात कुणीतरी तळलेल्या माशांची परात आणून ठेवलेली. मतदान हात वर करून. सात-आठ वर्षांच्या रोझानला गंमत वाटायची ती ही की हात वर केल्यावर माणसं समोर न बघता एकमेकांकडे बघायची. एकदा संपाच्या ठरावाला बापानं विरोधात हात वर केला, अख्ख्या ओळीत एकट्यानं, आणि तो खाली येईपर्यंत सगळा हॉल त्याच्याकडे बघत राहिला. घरी जाताना कुणी त्याच्याशी बोललं नाही. त्याच्या जाकिटावर मागून कुणीतरी थुंकलं होतं. रोझाननं विचारलं, “पप्पा, चिठ्ठी टाकून मत देता येत नाही का?” तो म्हणाला, “देता येतं ना. मग तुझा पप्पा कोणत्या बाजूला होता ते तुला कसं कळलं असतं?” ठराव पास झाला, बाप सगळ्यांबरोबर संपावर गेला, नऊ आठवडे बटाटे खाल्ले. त्याचं बरोबर होतं का चूक हे तिला आजही सांगता येत नाही. त्याचा हात तेवढा दिसतो, मनगटाला काचेनं कापल्याची खूण असलेला.

आणि ती स्वतः वीस वर्षांची असताना, तेव्हा पडदे नव्हते, निवड झाली की फोन यायचा. कोचच्या खोलीत, खोली ऊबदार ठेवणाऱ्या लोखंडी नळ्यांवर चौघी चिमण्यांसारख्या बसल्या होत्या, बाकीच्या जमिनीवर. चार वाजता यायचा फोन सहा वाजेपर्यंत आला नाही. कोच नळ्यांकडे बघून म्हणाली, “समितीला कळतं बरं, पोरींनो.” रोझाननं ते वाक्य गिळलं. नुसतं गिळलं नाही, पचवलं, आणि पुढं तीस वर्षं आपल्या मुलींना तेच वाढलं. समितीला कळतं. नंतर एक दिवस तिलाच समितीवर घेतलं तेव्हा पहिल्या बैठकीला जाताना तिला वाटलं होतं, आता आपल्याला पण कळेल. तिथं आठ थकलेली माणसं होती. थंड सँडविचं होती. एकाला पाचचं विमान गाठायचं होतं.

तिनं वॉरनला फोन लावला. तो उचलताच म्हणाला, “काय गं चॅम्पियन,” आणि तिनं तक्त्यातली चूक सांगून टाकली, गळणाऱ्या छपरापासून रिकाम्या राहिलेल्या नंबरापर्यंत.  पलीकडं मागे कुणीतरी छपाईचं यंत्र चालवत होतं.

“अरेरे,” वॉरन म्हणाला, आणि त्याला खरंच वाईट वाटलं असावं. “दरवर्षी काहीतरी निसटतंच बघ. पुढच्या वर्षी तो नंबराचा प्रकार आपण नीट करून घेऊ. तू आठवणीनं मांड.”

“पुढच्या वर्षी नाही. या वर्षीचं काय?”

“या वर्षीचं झालं, रोझ. विमानं ठरली, हॉटेलं ठरली. पत्रक लागलं.”

“आम्ही माघार घेतली तर?”

“तर जागा रिकामी राहील. समोरच्या संघाला न खेळता पुढं चाल. मॅरोला त्यातलं काही मिळायचं नाही, नियमच आहे तसा. आपल्या चौदा पोरींना घरी बसवून तुला कसलं पुण्य लागणार आहे?”

“मग निदान सांगू या. काय झालं ते जाहीर करू या.”

“काय जाहीर करू? खोलीतलं खोलीत राहतं म्हणूनच माणसं मोकळेपणी बोलतात. उद्या प्रत्येकाचं मत छापायला लागलो तर एकही भला माणूस समितीवर येणार नाही. तू सही केलीयस त्या कागदावर.” मग त्याचा आवाज मऊ झाला. तो माणूस वाईट नव्हता, हीच पंचाईत होती. “आणि रोझ, रागावू नकोस. तक्ता शनिवारी तुझ्याकडे पण होता. लोक पहिला प्रश्न तोच विचारतील. मी तुझ्या भल्यासाठी सांगतोय, यात तुझीच अब्रू जाईल.”

तिला वाटलं होतं हे ऐकल्यावर आपण गार पडू. झालं उलटंच. शनिवारपासून जी एक गोष्ट ती स्वतःपासून लपवत होती ती दुसऱ्यानं फोनवर साध्या आवाजात बोलून दाखवली, आणि ती काही मेली नाही. सॉसेजचं पाकीट शेजारच्या सीटवर होतं तसंच होतं. “बरोबर बोललास,” ती म्हणाली. “माझीच जाईल,” आणि फोन ठेवला. तिनं गाडी चालू केली. 

चारचा सराव होता. मुली नेट बांधून, गुडघ्यांच्या पट्ट्या चढवून तयार. भिंतीवर कुणीतरी शुक्रवारच्या सामन्याचा कागद लावून त्याभोवती निळ्या शाईनं फुलं काढली होती. रोझाननं त्यांना जमिनीवर बसवलं आणि सांगितलं. शनिवार सांगितला, टोस्ट वगळून. रविवार सांगितला. सहा पावलं पण सांगितली. कुणाची मान खाली, कुणाची वर, पहिल्या वर्षाची एकजण बुटाची नाडी सोडत आणि बांधत राहिली. कप्तान टेगन हॉल्वरसन, सहा फुटी, शेतावरची, जी कधी आवाज चढवत नाही, ती म्हणाली, “म्हणजे आम्ही मॅरोची जागा घेतलीय.”

“मी घेतलीय.”

“तिथं खेळायचंय ते आम्हाला, कोच. तुम्ही नाही खेळणार.” टेगन उभी राहिली. “सोमवारी नाव आलं ना, तेव्हा मला काय वाटलं माहितीय? मॅरोशी आपण हरलो होतो हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हटलं, त्या माणसांनी आपल्यात काहीतरी बघितलं असेल. नुसते आकडे नाही बघितले, आपल्याला बघितलं. मी घरी फोन करून हेच सांगितलं डॅडला. तो रडला.”

 रोझाननं तीस वर्षं आपल्या मुलींना हेच शिकवलं होतं की वर कुणीतरी बसलंय आणि ते बघतंय. जे गिळलं ते वाढलं.

“मग आता कशाला सांगताय?” टेगन म्हणाली. “शुक्रवार झाल्यावर सांगायचं होतं. नाहीतर शनिवारी तिथल्या तिथं. हा मंगळवार कसला काढलात मध्येच?”

“आज मला एकीनं विचारलं म्हणून.”

“आणि नसतं विचारलं तर?”

 खोटं बोलायला ही शेवटची चांगली संधी होती, आणि रोझानच्या डोक्यात दोन-तीन बऱ्यापैकी वाक्यं तयारही झाली. “तर नसतं सांगितलं,” ती म्हणाली. टेगन पिण्याच्या पाण्याच्या नळाकडे गेली, पाणी प्यायली, आणि येऊन सर्व्हिसच्या रेषेवर उभी राहिली. कुणीच काही ठरवलं नाही. सराव झाला. इतका वाईट सराव तिनं कित्येक वर्षांत पाहिला नव्हता, आणि एकाही मुलीनं जाताना तिला ‘येते कोच’ म्हटलं नाही. उद्या बारा वाजता समितीच्या अध्यक्षाची फोनवरची पत्रकारपरिषद आहे आणि आपण तिथं बोलणार आहोत, एवढं तिनं त्यांच्या पाठींना सांगितलं.

ती पत्रकारपरिषद म्हणजे दरवर्षीचा एक विधी. कॉलेजांच्या छोट्या वर्तमानपत्रांतली पोरं, दोन-तीन गावांतले वार्ताहर, झालंच तर एखादा रेडिओवाला. ते विचारतात, अध्यक्ष सांगतो की समितीनं सगळ्या निकषांचा एकत्रित विचार केला आणि यंदाचं काम फार कठीण होतं. समितीचे बाकीचे सात जण फोनवर असतात, आपापला आवाज बंद करून. रोझान सहा वर्षं अशी आवाज बंद करून बसली होती, नखं कापत, हजेरीपत्रकं भरत. बुधवारी बाराला पाच कमी असताना ती आपल्या खोलीत बसली. खोलीला बाहेरच्या हॉलकडं काच होती. हॉल रिकामा होता. तिला वाटलं होतं टेगन येईल, निदान दुसरी कुणी. येऊन काचेपाशी उभी राहील, काही बोलली नाही तरी चालेल. कुणी आलं नाही. बरोबरच आहे, तिनं मनाशी म्हटलं, आणि ते तिला लागलंही. वय कितीही झालं तरी आपल्यामागे कुणीतरी उभं असावं असं वाटतं. बापाच्या ओळीत तरी कोण होतं. सप्टेंबरच्या वहीचं पान तिनं समोर ठेवलं. तिच्याच मदतनीसाचं अक्षर, पंचवीस-बावीस, वीस-पंचवीस, पंचवीस-एकवीस, पंचवीस-तेवीस, मॅरोच्या बाजूनं. आकडे किती सरळ होते. यात समजायला कठीण असं काय होतं?

वॉरन बोलला. काम कठीण होतं म्हणाला. एका पोरानं पूर्वेकडच्या संघांबद्दल विचारलं, एकीनं हवामानाबद्दल. मग एक किनरा, घाबरलेला आवाज आला, मॅरोच्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचा. शेवटच्या जागेसाठी मॅरोऐवजी सेंट ऑडो कशामुळे, सर?

“समितीनं सगळ्या निकषांचा एकत्रित विचार केला,” वॉरन म्हणाला. “त्यापलीकडे चर्चेचा तपशील देता येत नाही.”

रोझाननं बटण दाबलं. “मी देते,” ती म्हणाली. “मी रोझान क्लिमेक. सेंट ऑडोची कोच आणि समितीची सदस्य.”

 वॉरन न चिडता, सवयीनं, अगदी रविवारच्याच आवाजात म्हणाला, “रोझ, तुझ्या संघाचा विषय आहे. तू जरा बाहेर थांब.”

“नाही,” ती म्हणाली. “थांबले होते मी बाहेर. अकरा मिनिटं. आता थांबणार नाही.” आणि ती बोलत राहिली. आवाज सुरुवातीला चिरकला, मग स्थिरावला, मग हॉलमध्ये शिट्टीविना चौदा जणींना थांबवणारा तिचा रोजचा आवाज आला. तक्ता काय असतो ते सांगितलं, तो कुणाला दिसतो आणि नंतर त्याचं काय करतात ते सांगितलं. वहीतले चार सेट वाचले. कोर्टाच्या नंबराची जागा रिकामी कशी राहिली ते सांगितलं. “समितीत तो सामना माहीत असलेली मी एकटीच होते, आणि शनिवारी संध्याकाळी तो तक्त्यात नाही हे माझ्या लक्षात आलं होतं. मी गप्प बसले. माझ्या संघाच्या फायद्याचं होतं म्हणून गप्प बसले. मॅरो कुठंही कमी पडली नव्हती. हे त्यांच्या मुलींना कळवा, त्यांच्या घरच्यांना कळवा. माझ्या मुलींना यातलं काही माहीत नव्हतं. त्या शुक्रवारी खेळतील की नाही ते त्या ठरवतील, मी नाही.”

“ही परिषद इथं संपते,” वॉरन म्हणाला. पण फोन बंद करायचं काम संघटनेच्या कचेरीतल्या कुणाचं तरी होतं, आणि ते माणूस एकतर जेवायला गेलं होतं किंवा ऐकत बसलं होतं. लाइन चालूच राहिली.

“मॅडम,” किनरा आवाज म्हणाला, “मग आत मतं कशी पडली? कुणी कुणाला दिलं?”

“ते मला माहीत नाही. मला बाहेर ठेवलं होतं.”

“मग कुणाला विचारायचं?”

“जे आत होते त्यांना. आठ जण आहोत आम्ही. नावं छापलेली असतात, पण त्यांना आजवर कुणी फोन केलेला नाही, म्हणून मी नंबरांसकट देते. एकेकाला लावा आणि एकच विचारा, तुम्ही हात कुणासाठी वर केलात आणि का. सांगतील किंवा सांगणार नाहीत. सांगणार नाही म्हणाले तर तसं छापा.”

वॉरननं तिचं नाव घेतलं, या वेळी पूर्ण, रोझान. त्यात आता राग होता, आणि रागाखाली, तिला स्पष्ट ऐकू आलं, विनवणी होती. तिला त्याची वाढदिवसाची पत्रं आठवली. तिला त्याची कीव आली आणि तरीही तिनं समोरचा कागद ओढला. पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला, एक नाही, चार-पाच ठिकाणांहून.  

“घेताय लिहून?” तिनं विचारलं.

“हो, मॅडम.”

“पहिलं नाव, क्लिमेक, रोझान.”